पाऊण इंच

३ मार्च, सोमवार

आज सही केली. घर गेलं. म्हणजे अजून चाळीस दिवस ताबा आपलाच आहे, पण कागदावर गेलं. सही करताना अक्षर सुरेख आलं आणि मला त्या अक्षराचाच राग आला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी चार रेघांच्या वहीत इतकं गिरवून घेतलं होतं की आत काहीही होत असलं तरी हाताचं वळण सुटत नाही.

चौतीस वर्षं राहिलो या घरात. पण झोपायची खोली वर, न्हाणीघर वर आणि मध्ये चौदा पायऱ्या. सप्टेंबरात ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला आहे, 'बरं'. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. तेव्हापासून त्यांचा पलंग खाली बैठकीच्या खोलीत. सहा महिने ओल्या फडक्याने अंग पुसते आहे. भरपूर पाण्याने अंघोळ म्हणून नाही.

लेकीने फोनवर साफ सांगितलं, "आई, फ्लॅट घे, माझी ना नाही. हॉस्पिटल जवळ, लिफ्ट आहे, सगळं एका मजल्यावर. पण सहा महिने बघायचं. तुला झेपलं तर झेपलं. नाहीतर बाबांसाठी सेंटर. मग रडायचं नाही."

"मी कधी रडले गं?"

"तेच तर. रडत नाहीस, सांगत नाहीस. एक दिवस फोन येतो."

सेंटरमध्ये फक्त आजारी माणसाला घेतात. बायकोला भेटीच्या वेळेत यायचं, चार ते सहा. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर चार ते सहा! मी ते होऊ देणार नाही. इथे लिहून ठेवते.

९ मार्च, रविवार

दिवसभर मापं घेतली. तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं, फ्रॉकचे कागदी नमुने कापायला शिकवलं, तीच विद्या आज घराला लावली. बिल्डरचा छापील नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. एका फुटाला एक इंच धरून कपाट, पलंग, टेबल, सगळ्याचे वर्तमानपत्राचे तुकडे कापले आणि नकाशावर सरकवत बसले. माझं कापायचं लांब टेबल कुठेच बसेना. ठीक आहे, ते जाईल. शिवणयंत्र खिडकीखाली बसतंय.

सगळ्यात महत्त्वाची ह्यांची चाकाची खुर्ची. हे अंगाने दणकट, म्हणून रुंद खुर्ची घ्यावी लागली. माझ्या टेपने साडेसव्वीस इंच भरली. नकाशात न्हाणीघराचं दार सत्तावीस. अर्धा इंच मोकळा! तरी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं.

टेप नोकरीच्या पहिल्या वर्षातली आहे. कापडी, पिवळी, पहिला इंच इतका झिजलाय की मी दोनपासून सुरुवात करते आणि दोन वजा करते. मुली म्हणायच्या, टीचर, नवीन घ्या ना. मी म्हणायची, हिने तुमच्या आयांची मापं घेतली आहेत.

मी मापं घेत असताना हे मात्र फार चिडले. डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर आपटत होते आणि गॅरेजकडे बोट दाखवत होते. "बरं! बरं! बरं!" म्हणाले. गॅरेजमध्ये त्यांची निळी लोखंडी पेटी आहे, कारखान्यातल्या हत्यारांची. जन्मभर तपासणी खात्यात होते, केसाच्या जाडीचा फरक पकडायचे. मी म्हटलं, "नेऊ हो, पेटी नेऊ. आता शांत बसा, माझी मापं चुकतील."

२८ मार्च, शुक्रवार

पेटी न्यायची नाही असं ठरवलं. दहा किलो लोखंड ठेवू कुठे? त्यांच्या कारखान्याच्या प्रशिक्षण शाळेतले मास्तर काल येऊन घेऊन गेले. फार आनंदाने नेली. जाताना ह्यांच्या पाया पडले.

हे कालपासून माझ्याकडे बघत नाहीत. घास भरवला की तोंड उघडतात, पण बघत नाहीत. पुरुषांचा हत्यारांवर बायकोपेक्षा जास्त जीव असतो, असं माझी आई म्हणायची. एरवी मी हसले असते.

१२ एप्रिल, शनिवार

निघालो. नवी मालकीण चाव्या घ्यायला आली. चटपटीत पोरगी, बोलायला गोड. म्हणाली, "काकू, स्वयंपाकघराची ही भिंत आम्ही काढतोय." मी म्हटलं, काढा. मग तिला खिडकीची खिटी दाखवली. आधी तळव्याने काच थोडी बाहेर ढकलायची आणि मगच खिटी सरकवायची. तिने मान हलवली. खिडकीही जाणारच असेल.

सामान हलवणाऱ्या दोघांनी ह्यांना खुर्चीसकट तीन पायऱ्या उतरवलं. लिंबाच्या झाडाजवळ ह्यांनी डावा हात वर केला, मला वाटलं पान तोडायचंय म्हणून मी एक डहाळी खाली ओढली. तसं नव्हतं. उन्हाकरता हात धरला होता डोळ्यांवर. डहाळी सुटली ती माझ्या तोंडावर बसली आणि हे हसले. अर्धं तोंड हसतं, पण हसतं. त्या घरातलं शेवटचं हसू.

१३ एप्रिल, रविवार

खुर्ची न्हाणीघराच्या दारातून जात नाही.

आधी वाटलं तिरकी गेली असेल. सरळ केली. दोन्ही बाजूंना चाकाची कड चौकटीला लागते. एवढंसं. नखाएवढं. मी मागून जोर लावला तर चौकटीचा रंग निघाला आणि ह्यांचा हात चेंगरला.

मी फ्लॅट बघायला एकदाच आले होते, तेव्हा लिफ्ट कामगारांची होती, दारं बसायची होती, जिकडेतिकडे सिमेंट. लेक फोटो काढत होती. मी म्हटलं, नकाशा छापील आहे, आणखी काय बघायचं.

आता हे इथे बसले आहेत आणि आत नवं कोरं पांढरं न्हाणीघर आहे. त्यात उजेडही छान येतो.

१५ एप्रिल, मंगळवार

सुतार आले. साठीचे असतील, कानावर पेन्सिल. त्यांनी खिशातून पोलादी टेप काढली, दार मोजलं. "सत्तावीस. नकाशा बरोबर आहे बाई."

"मग खुर्ची? ती साडेसव्वीस आहे."

"कोण म्हणतं?" त्यांनी खुर्ची मोजली. "सव्वासत्तावीस."

मी टेप आणून दाखवली. त्यांनी माझी टेप हातात घेतली, आपल्या टेपशेजारी जमिनीवर पसरली आणि दोन्हींवरचे आकडे बोटाने ताडून पाहिले. मग म्हणाले, "कापड आहे बाई. चाळीस वर्षं ओढ सोसली, ताणलं गेलं. इंच मोठा झाला, म्हणून माप लहान आलं. फ्रॉकात चालून जातं. लाकडात नाही चालत."

पाऊण इंच. म्हणजे मी मुलींना शिकवलं ते सगळं सैल होतं? पण कुणाचा फ्रॉक सैल झाला म्हणून तक्रार आली नव्हती. वाढत्या अंगाच्या मुली होत्या.

आणि मग मला ती निळी पेटी आठवली. तिच्यात त्यांची पोलादी टेप होती. एक माणूस बोट दाखवून सांगत होता, ही टेप घे, तुझी घेऊ नकोस, आणि मी म्हणत होते शांत बसा. सुतारासमोरच मी त्यांच्या पायाशी बसले. "अहो, चुकलं हो माझं." ते "बरं" म्हणाले आणि डाव्या हाताने माझं डोकं थोपटलं. सुतार उगाचच खिळे शोधायला लागले.

त्यांनी दार बिजागरीतून काढलं, एका बाजूची चौकट तासली. खुर्ची आत गेली! पण आत वळत नाही. पाय ठेवायची पट्टी बेसिनला अडते, कमोडच्या बाजूला येतच नाही. अरुंद खुर्ची आणून बघितली, तिच्यात ह्यांच्या मांड्या काचतात. भिंत चार इंच सरकवली तर जमेल, म्हणाले.

२४ एप्रिल, गुरुवार

भिंत सरकणार नाही. त्या भिंतीतून वरच्या सगळ्या मजल्यांचे नळ खाली येतात. सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः येऊन सांगून गेले. "तुमच्या जागी माझी आई असती तरी मला हेच सांगावं लागलं असतं." मी म्हटलं, तुमच्या आईला मोजता येत असेल. ते ओशाळले. उगाच बोलले मी.

लेकीला सांगितलं, सगळं छान चाललंय.

८ मे, गुरुवार

अशी व्यवस्था बसवली आहे. सकाळी दोन तास मदतीला बाई येते. हॉलमध्ये प्लास्टिक पसरायचं, प्लास्टिकची खुर्ची, तीन बादल्या. ती धरते, मी घालते. पाणी सोफ्याखाली जातं, मग तासभर पुसणं. न्हाणीघर कोरडंच. मी तिथे कपडे वाळत घालते.

बाकीचा दिवस मी एकटी. उचलून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत. डावा हात खांद्यापासून दुखतो, वजन उचलून दुसरं काय होणार.

या घराला स्वयंपाकघराची भिंतच नाही. ओटा हॉलमध्येच उघडतो. जुन्या घरी कसं, जरा दम लागला तर पाट घेऊन आत बसता यायचं, कुणाला कळायचं नाही. इथे मी ओट्याच्या मागे खाली बसते. हे बघत नाहीत, त्यांची खुर्ची मोठ्या खिडकीकडे तोंड करून असते. तीच जागा त्यांना लागते, हलवली की चिडतात. गंमत म्हणजे दिवस मावळल्यावरही तिकडेच बघत बसतात. तेव्हा बाहेरचं काहीच दिसत नाही, काचेत नुसते आपलेच दिवे, आपलीच खोली दिसते. मी म्हटलं, "शहर आवडलं वाटतं तुम्हाला?" ते काचेतच बघत राहिले.

१९ मे, सोमवार

जुन्या घरासमोरून गेले. म्हणजे बाई ह्यांच्याजवळ होती तेवढ्यात मुद्दाम बस बदलून गेले. भिंत पडली आहे. लिंबू आहे. न लिहिलेलंच बरं.

२७ मे, मंगळवार

दुपारी भांडी घासताना छातीत भरून आलं, घाम सुटला. गॅस असणार, सकाळी नुसता चहा झाला होता. ओट्यामागे बसून राहिले. तोवर ह्यांनी खुर्ची भिंतीवर आपटायला सुरुवात केली. धाड, धाड. समोरच्या दारातल्या मॅडम धावत आल्या, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत.

"काय झालं? काका घाबरलेत का?"

मी उठून पदर सारखा केला. "काही नाही हो, त्यांना टीव्ही हवाय."

हे माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांची वैरीण. "बरं!" ओरडले. मॅडमनी टीव्ही लावून दिला. मी नंतर त्यांना चांगलंच सुनावलं, शेजाऱ्यांसमोर शोभा करायची का म्हणून. माझ्या स्वभावातला हा मास्तरीणपणा जात नाही. मग वाईट वाटून दोन वेळा केस विंचरले त्यांचे.

३ जून, मंगळवार

पडलो. दोघंही.

पलंगावरून खुर्चीत घेताना माझ्या हातातला जीवच गेला. ते माझ्या अंगावर, मी खाली. चाळीस मिनिटं. फोन टेबलावर. सोफ्याखालून एक बटण दिसत होतं, एप्रिलपासून शोधत होते ते. हे डाव्या हाताने माझं मनगट धरून होते, सोडतच नव्हते. मी म्हटलं, "अहो, सोडा, मला सरकू तरी द्या." नाही सोडलं.

बाई ब्लाउजपीस विसरली होती म्हणून परत आली, म्हणून सुटलो.

लेक आली. चार तासांचा प्रवास करून आली आणि दारातच रडायला लागली. मला वाटलं होतं ओरडेल. "आई, मी एकटी आहे गं. तुम्ही दोघं असे पडलात तर मी कुणाकडे धावू?" मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांत पांढरं दिसलं, मुळाशी.

११ जून, बुधवार

शेवटची संधी मिळाली. घरी सेवा देणारी एक संस्था आहे, त्यांची नर्स येऊन बघणार. रुग्ण आधार धरून दहा आकडे मोजेपर्यंत उभा राहिला, तर एका माणसाच्या मदतीने त्याला न्हाणीघरात नेता येतं, खुर्चीची गरजच नाही. मग ते दिवसभराचा मदतनीस देतात. दहाच्या आत बसला तर दोन माणसं आणि मोठी जागा लागते, मग सेंटरच. लेकीने ते मान्य केलं.

दहा आकडे. शाळेत सिस्टर घंटेनंतर दहा मोजायच्या आणि दहाव्याला अख्खा वर्ग चिडीचूप.

फिजिओच्या बाई रोज येतात. तोंडाने फटकळ पण हाताने फार मऊ. "काका, काकूंना खांद्यावर घेऊन नाचायचंय लग्नाच्या वाढदिवसाला. उठा!" ह्यांना अर्धं हसू येतं. आज सात.

१५ जून, रविवार

चौदा! फिजिओबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना मिठीच मारली. उद्या अकराला नर्स येणार. ह्यांचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. न्हाणीघरातली कपड्यांची दोरी काढली.

दिवे लागल्यावर आनंदाने पुन्हा छातीत तसंच भरून आलं. दहा मिनिटं बसले, गेलं. हे काचेकडे तोंड करून होते, त्यांना काही कळलं नाही.

१६ जून, सोमवार

तीन.

नर्सने हात दिला, दांडी धरायला लावली, उभे राहिले. ताठ उभे राहिले. ती मोजायला लागली, एक, दोन, आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तीनला खाली बसले. पाय थरथरलाही नाही.

"काका, पुन्हा एकदा?"

मान हलवली. नाही.

"ते काल चौदा उभे राहिले! फिजिओबाईंना विचारा! अहो, उठा ना. उठा. मी मोजते." मी त्यांचा दंड धरून ओढायला लागले. सकाळीच आलेल्या लेकीने मला बाजूला घेतलं. नर्स कागदावर लिहीत होती. फार सभ्य बाई, लिहिताना कागद हाताने झाकून धरला होता.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "मुद्दाम केलंत का?" त्यांनी डोळे मिटले. बेचाळीस वर्षांत मी त्यांच्याशी इतकं वाईट कधी बोलले नव्हते, जे आज बोलले. ते इथे लिहीत नाही.

२१ जून, शनिवार

नेलं.

निळा शर्ट घातला होता. गाडीत बसवताना मी विचारलं, काही राहिलं का. कशाला विचारलं असेन.

फ्लॅटमध्ये आता सगळं बसतंय. माझं कापायचं टेबलसुद्धा बसलं असतं.

२७ जून, शुक्रवार

रोज जाते. चार ते सहा. तिथल्या न्हाणीघराचं दार बेचाळीस इंच आहे. त्यांना रोज अंघोळ मिळते, केसांना शांपूचा वास येतो. मला त्याचाही राग येतो, असली मी बाई.

आज तिथली सिस्टर, म्हणजे नर्स, मला सहज म्हणाली, "काका एकदम तयार आहेत हो. रोज सकाळी दांडी धरून उभे राहतात. काल मी वीस मोजले."

"वीस? कधीपासून?"

"आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

मी आत गेले. त्यांच्यासमोर बसले. "वीस?" विचारलं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.

बसमध्ये उलगडलं. त्यांना माझ्याबरोबर राहायचंच नाही. मी घर विकलं म्हणून त्यांनी माफ केलं नाही, पेटी दिली म्हणून माफ केलं नाही, पाऊण इंचासाठी माफ केलं नाही. डोकं थोपटलं ते सुतारासमोर. जन्मभर मापात चुकलेली वस्तू बाजूला काढून ठेवायचं काम केलं, मीही तशीच एक. माझा स्टॉप मागे पडला. दोन स्टॉप चालत आले, तीनदा थांबावं लागलं. आता धाप लागायला कारणही लागत नाही.

उद्यापासून जाऊ नये असं वाटतं. जाऊन तरी काय करायचं? समोर बसून त्यांना नको असलेलं तोंड दाखवायचं? लेकीचा फोन आला. म्हटलं, सगळं छान.

१ जुलै, मंगळवार

तीन दिवस गेले नाही. आज गेले. मनाशी ठरवून गेले होते की एकदाच काय ते बोलायचं, माफी मागायची आणि ते म्हणतील तसं.

दुसऱ्या मजल्यावर खोली. लिफ्ट बंद होती, जिन्याने गेले. हे दारातच खुर्ची लावून बसले होते. सिस्टर म्हणाली, "तीन दिवस इथेच बसलेत. जेवणसुद्धा दारात. चारची वेळ झाली की आम्हाला रस्ता मिळत नाही."

मला बोलायला दम पुरेना. पाठ केलेलं सगळं विसरले. "अहो, मला तुमच्या," एवढंच झालं, मग खुर्चीचा दांडा धरून उभी राहिले.

सिस्टर नेहमीची तपासणी करायला आली होती, हातात घड्याळ. ह्यांची नाडी बघायला तिने हात पुढे केला, तर ह्यांनी आपला हात मागे घेतला. डाव्या हाताने तिचा हात धरला, घट्ट, आणि ओढून माझ्या मनगटावर आणून ठेवला. वरून आपला पंजा दाबून धरला, म्हणजे तिने काढू नये.

मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "अहो, तुमची बघतायत त्या. माझी काय करायची आहे?"

"बरं," ते म्हणाले. मला नाही, तिला म्हणाले. रडत होते. झटका आल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

सिस्टर हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. घड्याळाकडे बघत होती, खूप वेळ. एरवी ह्यांची नाडी बघायला इतका वेळ लागत नाही. मी सांगितलं की सहाची बस गेली की पुढची थेट सातला आहे.

"काकू," ती म्हणाली, "आधी खाली बसा. हात राहू दे माझ्याकडे." आणि मान वळवून बाहेर कुणाला तरी डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

हे लिहिते आहे त्यांच्याच खोलीत, पिशवीतली वही काढून, पडल्या पडल्या. डॉक्टरांनी मला ह्यांच्या पलंगावर झोपवलं आहे आणि हे खुर्चीत बसले आहेत. मी म्हणते आहे, वेळ संपली, सहा वाजले, मला जायला हवं. कुणी ऐकत नाही.